नुसत्या पाण्याची कलमं

मोसंबीची बाग सडायला लागली तेव्हा बाबांनी लेकीला फोन केला. लेक कृषी विद्यापीठात झाडांच्या रोगांवर संशोधन करायची. बाबा कौतुकात असले की तिला डॉक्टरीणबाई म्हणत आणि भांडण झालं की हकीमसाहेब. तिने सडक्या साली कापून आणल्या, काचेच्या बशीत बुरशी वाढवली आणि माहितीतल्या एकूण एक बुरश्यांशी ताडून पाहिली. कुणाशीच जुळेना. ही बया नवीनच होती.

पण नवीन रोग म्हणायचा तर पुरावा हवा. त्याच जातीच्या निरोगी झाडाला बुरशी टोचायची, ते तसंच सडतं का पाहायचं आणि सडल्यावर त्यातून तीच बुरशी पुन्हा काढून दाखवायची. ही जात आईने निवडून वाढवलेली, दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच. आता निरोगी उरली होती ती बाबांच्या गच्चीवरची कलमं, आईने जाण्याआधी स्वतः बांधलेली. होती नव्हती ती सगळी लागणार होती.

"धडधाकट पोरांना मुद्दाम आजारी पाडायचं? कसलं गं हे तुमचं शास्त्र!" बाबा कडाडले. मग अबोला. आणि एके सकाळी स्वतःच कुंड्या घेऊन हजर.

विद्यापीठाच्या काचघरात तिने अर्ध्या कलमांना बुरशी टोचली, तुलनेसाठी उरलेल्यांना नुसतं पाणी.

"म्हणजे ही पाण्यावाली ठणठणीत राहणार?"

"राहायला हवीत, बाबा."

त्यांचा चेहरा असा खुलला की पुढचं वाक्य तिने गिळलं. प्रयोग संपला की काचघरातलं एकही रोप बाहेर न्यायचं नाही, असा नियम होता. आजारी असो की निरोगी, सगळी भट्टीत. बुरशी पानावर बसली तर डोळ्यांना दिसते थोडीच! उद्या सांगू, उद्या सांगू करत ती मूग गिळून बसली.

बाबा रोज यायचे. पांढरा कोट, बुटांवर पिशव्या. "ऑपरेशनला निघालो," म्हणायचे. पाण्याच्या कलमांशी तासन्‌तास गप्पा मारायचे. कोणतं कलम बागेत कुठे लावायचं, तेही ठरवून टाकलं होतं.

टोचलेली कलमं सडली. त्यांतून बुरशी तीच निघाली. विभागात टाळ्या पडल्या, पेढे आणायला माणूस गेला. तिला मात्र रडू आवरेना.

काचघरात बाबा हिरव्यागार कलमांपाशी उकिडवे बसले होते.

"औषध सापडलं?"

"नाही. अजून नुसती ओळख पटलीय."

"असू दे. तोवर ही आहेतच की आपली."

तिने सांगितलं. भट्टीसकट सगळं.

"मी कुंड्या आणल्या तेव्हा ठाऊक होतं तुला?"

"होतं, बाबा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच एकेका पानावरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे तिच्या हातचं आता काहीच उरणार नाही."

ती त्यांच्या शेजारी खाली बसली.

"कधी जाळणार?"

"उद्या सकाळी."

"मग आजचं पाणी घालून घेतो," म्हणत बाबांनी झारी उचलली, आणि सडलेल्या कलमांपासून सुरुवात केली.