पुतळाबाईच्या रक्तातले दाणे

"रक्त झूठ बोलत नाही! बघा!" सुकदेवबाबा गरजला. पांढऱ्या बशीत पुतळाबाईच्या बोटाचं रक्त होतं. त्यावर लोटीतलं तीर्थ पडताच मिनिटभरात रक्ताचे रव्यासारखे दाणे झाले. आधीच्या चार बायकांचं रक्त गुमान पसरलं होतं. आमलीतल्या आमच्या चाळीत एकच कल्ला झाला, "डाकीण!"

वाल्मिकची चिमुरडी सोनी तापानं फणफणली होती. बाबाचं तीर्थ सुरू झालं आणि वर उलट्या लागल्या. या महाज्ञानी माणसानं त्याचं खापर वाल्मिकच्या विधवा वहिनीवर, पुतळाबाईवर फोडलं. वाल्मिक तिला फाटकाकडे ओढू लागला. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण ते दाणे पाहून माझीही मती गुंग झाली.

प्रयोगशाळेत संशोधन करणारी माझी मुलगी मनीषा सुट्टीवर आली होती. ती पुढे झाली. "महाराज, लोट्या दोन कशाला? त्या चौघींना एका लोटीतलं, हिला दुसऱ्या. हिच्या लोटीतलं तीर्थ माझ्या रक्तावर टाका."

"मंत्र उतरला त्याचा!" बाबा लोटी उपरण्याआड लपवू लागला. मनीषानं ती हिसकावली आणि नव्या सुईनं स्वतःचं बोट टोचलं. पुन्हा दाणे!

"ही पण डाकीण!" गर्दी तिच्या अंगावर आली.

"सर, तुमनी पोरले आवरा!" वाल्मिक ओरडला.

"वाल्मिकभाऊ, आता तुम्ही," मनीषा म्हणाली. इरेला पेटून त्यानं बोट पुढे केलं. त्याच्याही रक्ताचे दाणे झाले.

"या लोटीत मिठाच्या पाण्यात कच्चा राजमा वाटून गाळलाय," मनीषा म्हणाली. "रक्तपेशीच्या आवरणावर साखर असते. राजम्यातलं प्रथिन दोन-दोन पेशींची साखर एकदम पकडतं, म्हणून दाणे होतात. रक्त कुणाचंही असो. आमच्या प्रयोगशाळेत हीच पकड आम्ही केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या सेन्सरनं मोजतो. दुसऱ्या लोटीत नुसतं मिठाचं पाणी आहे."

तिनं तेच तीर्थ स्टोव्हवर खळखळून उकळलं, निववलं. आता रक्त सरळ पसरलं. "शिजवलं की पकड सुटते. कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या होतात. सोनीला हेच पाजताय ना?"

वाल्मिक मटकन खाली बसला. पुतळाबाईनं सोनीला खांद्यावर घेतलं. "उभा ऱ्हाय, वाल्मिक! रिक्षा बलाव!"

सोनी वाचली. बाबाला चाळीनंच पोलिसांकडे नेलं. पण मला राग येतो तो आमचाच. लोटी समोर होती, बोटं सगळ्यांना होती. कुणा बाईला डाकीण ठरवणारी परीक्षा दिसली, तर आधी त्याच पाण्यात आपलं रक्त टाकून बघा.