कुत्री पलीकडे पोचवायची होती

कवळीवाल्याची बायको गेली तेव्हा आल्यागेल्याने त्याला एकच सल्ला दिला, रडून घ्या. सल्ला द्यायला कुणाचं काय जातं! त्याने सगळ्यांना "हो" म्हटलं आणि आपल्या कामाच्या खोलीत जाऊन तो कवळ्या करत बसला. त्या धंद्याचं एक बरं असतं. कुणी मरो की जगो, कुणाचे ना कुणाचे दात पडतच असतात. गुलाबी मेण तापवायचं, प्लास्टरच्या जबड्यावर थापायचं, त्यात एकेक दात उभा करायचा. हात आपलं काम करत होते आणि डोकं कुठेच नव्हतं. एका आजोबांच्या कवळीत त्याने उजवीकडचे दात डावीकडे बसवले. आजोबाही असे सज्जन, की बायको गेलेल्या माणसाला काय बोलायचं म्हणून तशीच तोंडात घालून घरी गेले.

बायको शाळेत गणित शिकवायची. फळ्यावरचं उदाहरण अर्धं टाकून ती भर वर्गात खुर्चीवर बसली ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याने डॉक्टरांनाही "हो" म्हटलं.

मागे राहिली दोन कुत्री आणि एक शिडाची होडी. थोरला मुकादम, काळा, अंगाने आडवा, कपाळाला कायमच्या आठ्या, कामावर किती माणसं कमी आलीत ते मोजत असल्यासारखा बघणारा. धाकटी चिंधी, रस्त्यावरून उचलून आणलेली काडी पैलवान. दर रविवारी बायको या दोघांना तरंगायची जाकिटं चढवून होडीत घालायची आणि जलाशयात निघून जायची. होडी केवढी, तर दोन माणसं बसली की तिसऱ्याने विचार करावा एवढी. शिडात वारा भरला की अशी होडी एका अंगाला कलते, आणि जी बाजू वर उचलली जाते तिथे कुणीतरी वजन टाकून बसावं लागतं. ते काम कुत्री करायची. होडी फिरली, शीड या बाजूचं त्या बाजूला गेलं, की ती म्हणायची, "सरका!" आणि दोघं उठून मुकाट्याने पलीकडच्या फळीवर जाऊन बसायची. धक्क्यावरचे लोक म्हणायचे, बाईंच्या वर्गात नसेल एवढी शिस्त बाईंच्या होडीत आहे.

हाच हुकूम घरातही चालायचा. कुत्री सोफाभर पसरलेली असायची, ती यायची, "सरका!" म्हणायची, आणि जागा व्हायची. कवळीवाला मात्र घसा कोरडा पडेपर्यंत "सरका" म्हणे. मुकादम एक डोळा उघडून त्याच्याकडे बघे, तोही मुकादमाकडे बघे, आणि शेवटी हा बापडा स्वतःच सरकून हातभर कोपऱ्यात अंग चोरून बसे. मग दोन्ही कुत्री उठून त्याच्या मांडीवर येऊन पडत. बायको हसून हसून लोटपोट व्हायची. या घरात कुणाचं चालतं हे कुत्र्यांनाही ठाऊक आहे, म्हणायची.

होडीत तो कधी बसला नव्हता. बादलीतल्या पाण्याचाही तळ दिसलेला बरा, अशा जातीचा माणूस तो. बायकोने लग्नानंतर दोनतीनदा विचारलं आणि मग सोडून दिलं.

ती गेल्यावर तो कुत्र्यांना वेळच्या वेळी खायला घाली, फिरवून आणी, पाणी बदली. पण त्याने एकदाही त्यांच्या अंगावरून हात फिरवला नाही. मुद्दाम नव्हे. हात फिरवावासा वाटायला हवा ना, तो वाटतच नव्हता. शेवटी त्याने धाकट्या मेहुणीला फोन केला. ही बारकी. घरात शेवटची म्हणून बारकी, एरवी दारातून आत येताना वाकावं लागेल अशी धिप्पाड बाई. ती जलाशयाच्या पलीकडच्या काठावर राहायची.

"बारके, कुत्री घेऊन जा. होडीही घेऊन जा."

"का हो भाऊजी? त्रास देतायत का?"

"त्रास कसला. खातात आणि झोपतात. मीही खातो आणि झोपतो. तसले तिघं एका घरात कशाला?"

बारकी म्हणाली, "नीट विचार करा. माझ्याकडे एकदा रुळली की मी परत द्यायची नाही. मुक्या जिवांची ओढाताण मला चालत नाही. आज इथे, उद्या तिथे, तसलं जमणार नाही."

"हो," तो म्हणाला.

रविवारी सकाळी ती आली. होडी न्यायचीच आहे तर कुत्रीही होडीतूनच न्यावीत, म्हणजे एका फेरीत काम होईल, असा तिचा सरळ हिशोब होता. तो धक्क्यापर्यंत पोचवायला गेला, हातात दोन भांडी आणि खाण्याची पिशवी घेऊन. बारकीने शीड चढवलं, सुकाणू बसवलं आणि कुत्र्यांना हाक मारली. मुकादम धक्क्यावर बसला तो बसलाच. चिंधी त्याच्या आडोशाला. बिस्किटं झाली, लाडीगोडी झाली, दरडावून झालं. ढकलायला गेली तर मुकादमाने अंग असं सैल सोडलं की ओल्या गादीची घडी उचलणं सोपं.

"भाऊजी, तुम्ही जरा आत बसून दाखवा. तुमच्या मागे येतील."

तो आत उतरून बसला. दोघं लगेच उड्या मारून आली. तो बाहेर आला, तीही बाहेर आली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मासे धरायला आलेले दोघेतिघे गळ सोडून ही गंमत बघू लागले.

"आता काय करायचं?" बारकी म्हणाली. "तुम्हाला तर पाण्याची भीती."

त्याने क्षणभर थांबून भीती शोधली. पोटात पाहिलं, छातीत पाहिलं. नव्हती. भ्यायलासुद्धा माणूस आत जागा असावा लागतो. "चल, येतो मी," तो म्हणाला. बायकोचं जाकीट होडीतच पडलेलं होतं, ते त्याने अंगात चढवलं आणि पट्टे ओढून घेतले. बारकीने तोंड फिरवून दोरी सोडली.

निम्मं पाणी सुखाने गेलं. होडी थोडी कलली होती. तो वरच्या बाजूच्या फळीवर बसला होता आणि त्याच्या दोन अंगांना दोन कुत्री, सवयीने, आपापल्या जागी. पाणी हिरवं होतं आणि पुष्कळ होतं. याउपर त्याच्या मनात काही आलं नाही. बायको इथे एवढी का यायची, हा प्रश्नसुद्धा नाही. बारकी पुढे बघून सुकाणू धरून होती. मध्ये एक खडकाचं टोक आहे, त्याला वळसा घालून होडी फिरवली की समोर तिचं घर.

टोक आलं. बारकीने लहानपणी वडिलांनी शिकवलेली रीतसर हाक दिली, "फिरते! डोकी खाली!"

तो वाकला. कुत्रीही वाकली, डोक्यावरून जाणारी शिडाची आडवी काठी त्यांना चांगली ओळखीची होती. शीड फाडकन दुसऱ्या बाजूला गेलं, वारा त्यात भरला, आणि आता खाली जाऊ लागली ती नेमकी तिघं बसली होती तीच बाजू. बारकीने उभ्या जन्मात कुत्री घेऊन होडी चालवली नव्हती. हाक दिली की ज्याने त्याने आपली जागा बदलायची, हे तिच्या लेखी सांगायची गोष्टच नव्हती. कुत्री मात्र "सरका" या हाकेसाठी थांबली होती, आणि कवळीवाला, त्याला काय कळतंय, तोही थांबला होता. कठड्यावरून पाणी आत आलं, गार, थेट त्याच्या मांडीवर. खाण्याची पिशवी तरंगू लागली.

"भाऊजी, हलवा त्यांना! अहो, उलटेल!"

"सरका!" तो ओरडला.

दोन्ही कुत्री मान वळवून त्याच्याकडे बघू लागली. मुकादमाच्या कपाळावर त्याच आठ्या. इतकी वर्षं हा माणूस "सरका" म्हणतो आणि मग स्वतः सरकतो, हे ती शहाणी जनावरं पुरती शिकून बसली होती. तो सरकायची वाट बघत ती आपापल्या जागी थांबली, पोटापर्यंत पाण्यात.

आणि तेव्हा त्याला भीती वाटली. अशी वाटली की "आई गं!" म्हणून तो किंचाळला. दात वाजायला लागले. तो गुडघ्यांवर पडला, पाण्यातून हाताने चाचपडत, काठीखालून रांगत, वर उचलल्या गेलेल्या बाजूला गेला आणि फळीला मिठी मारून बसला. मागोमाग कुत्री आली. मुकादमाने आपलं सगळं ओलं धूड त्याच्या मांडीवर टाकलं, चिंधी काखेत घुसली. होडी सावरली.

बारकी भांड्याने पाणी उपसू लागली. "लागलं का कुठे?" तिने विचारलं.

मांडीवरचं कुत्रं थरथरत होतं, की तोच थरथरत होता, ते कळत नव्हतं. ओल्या केसांचा तो वास आला. दर रविवारी दुपारी घरभर असायचा तो वास, आणि मागोमाग तिचा आवाज, "अहो, टॉवेल!" एक भीती आत शिरली होती, तिच्या पाठोपाठ बाकीचं सगळं शिरलं. त्याने मुकादमाच्या मानेत तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं. लाज नाही, शरम नाही, पंचावन्न वर्षांचा बाप्या माणूस. किती दुखत होतं! इतकं दुखतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि त्याने नुसतं "हो" म्हटलं होतं.

बारकी पाणी उपसत राहिली. तिचं घर आता स्पष्ट दिसत होतं, दारातली खुर्चीसुद्धा.

"बारके," तो म्हणाला, "होडी परत फिरव."

"का? काही राहिलं का?"

"कुत्री मी देत नाही."

तिने भांडं खाली ठेवलं. "वारा आता तोंडावर आहे, भाऊजी. सरळ नाही जाता यायचं. नागमोडी जायचं, जरा पुढे गेलं की फिरायचं, परत फिरायचं. दर वेळी तुम्हाला असंच सरकावं लागेल. तुम्ही हलल्याशिवाय ही दोघं हलायची नाहीत."

"कळलं ते मला."

"भीती वाटेल."

"वाटतेच आहे."

बारकीने दोरी ओढली, सुकाणू लोटलं आणि हाक दिली. तो रांगत पलीकडे गेला, कुत्री त्याच्या मागून गेली. पाणी पुन्हा कठड्याला लागलं आणि तो पुन्हा ओरडला.

"ती गेली गं, बारके," तो म्हणाला.

घरोघर फोन करून ही बातमी बारकीनेच सगळ्यांना कळवली होती. नातेवाइकांना, शाळेला, दूधवाल्यालासुद्धा, एकदाही आवाज न हलू देता.

"हो ना हो, भाऊजी," ती म्हणाली, आणि सुकाणू हातात धरूनच रडायला लागली. मग पुन्हा फिरायची वेळ आली. तिने बाहीने नाक पुसून हाक दिली, आणि तो सरकला.