चंद्रभागेचा साचा

दीपकचा फोन आला तेव्हा गेणू पळीत शिसं वितळवत होता. दीपक म्हणजे बायकोचा भाचा, नांदगावचा. "मामा, आत्या उठेना," एवढंच तो बोलला आणि रडायला लागला. चंद्रभागा चार दिवसांसाठी माहेरी गेली होती. गेणूने पळीतलं शिसं साच्यात ओतलं, हात धुतले आणि द्वारका चौकात जाऊन नांदगावची गाडी पकडली. हातातलं काम आधी का पुरं केलं, हे त्याला कधीच सांगता आलं नाही.

अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं त्याने साचे केले. रिटायर झाल्यावर घरीच बोटभर उंचीचे शिपाई ओतायला लागला. भालेवाले, तोफवाले, घोडेस्वार. काचेचं कपाट भरून गेलं. माहेरी निघायच्या आदल्या दिवशी चंद्रभागा म्हणाली होती,

"एवढी फौज उभी केलीत. यांना जेवायला कोण घालतं?"

"तू घाल."

"मग करा की मला. डोक्यावर भाकरीची पाटी द्या."

"समोर उभं राहावं लागेल."

"आता बॅग भरू की उभी राहू? आल्यावर बघू."

दिवसकार्य उरकल्यावर महिन्याभराने गेणूने तिचा साचा कोरायला मऊ दगड पुढ्यात घेतला. दुपारी घर गप्प असायचं. कोरता कोरता डोळा लागायचा, आणि चंद्रभागा पाटी घेऊन उंबऱ्यात उभी राहायची. मग कपाटाची काच हळूच सरकायची. शिपाई खाली उतरून फरशीवर पंगत धरायचे, घोडेस्वार घोडे खिडकीच्या गजाला बांधायचे. ती वाकून एकेकाला वाढायची. गेणू जागा व्हायचा तेव्हा हात चालूच असायचा.

चौथ्या दिवशी त्याने तिला ओतलं. शिपाई रंगवणारा निसार, कारखान्यातला जुना सोबती, आला आणि तिला बोटांत धरून फिरवत बसला.

"भाभी हुबेहूब. मानसुद्धा तशीच." मग त्याने तिला उजेडाकडे धरलं. "गेण्या, पदर कुठल्या खांद्यावर आहे?"

पदर उजव्या खांद्यावर होता. साच्यात सगळं उलटं कोरायचं असतं, तेव्हा ओतलेलं सरळ येतं. गेणूने सरळ कोरलं होतं.

"याच चुकीवरून किती जणांच्या आया-बहिणी काढल्यास तू," निसार म्हणाला.

"साचा कोरतोय हे ध्यानातच नव्हतं. ती दिसत होती, तशी काढत गेलो."

निसारने तिला पळीशेजारी ठेवलं. "टाक परत पळीत. नवी ओत."

बिघडलेला शिपाई पळीत जातो, हा गेणूचाच नियम. त्याने गॅस पेटवला, तिला पळीत ठेवलं. पाटीची कड मऊ व्हायच्या आत चिमट्याने बाहेर काढलं.

"एकदा अग्नी दिलाय," तो म्हणाला. निसारने गॅस बंद केला.

आता ती कपाटात आहे, न रंगवलेली. गेणू रोज दुपारी नवा दगड घेऊन बसतो. पण डोळे मिटले की ती सरळ दिसते, आणि हातही सरळच जायला बघतो. म्हणून तो छिन्नी लावत नाही. दुसरा साचा अजून कोरायचा राहिला आहे.