चारुदत्तसाठी वेगळं चिकन

माणसाला नोकरीवरून काढायचं आणि वर त्याला थाटामाटात जेवायला न्यायचं, ही रीत ज्याने कुणी काढली त्याला कोपरापासून नमस्कार. चारुदत्तला सोमवारी काढल्याचं कळलं आणि शुक्रवारी दुपारी सगळी टीम त्याला घेऊन टॅम्पिनीसच्या नव्या टेक्सास बार्बेक्यूत शिरली. हॉटेल नुकतंच उघडलेलं. दारात ही भली मोठी रांग, भिंतीवर लांबलचक शिंगांची कवटी, आणि धुराचा असा वास की शर्ट दोनदा धुवावा लागेल.

रांगेत मात्र उभं राहावं लागलं नाही, कारण टेबल अनीशने राखून ठेवलं होतं. अनीश त्याचा साहेब, पण नावापुरता. दोघं पुण्याला एका वर्गात शिकलेले आणि इथे पुंगोलला शेजारशेजारच्या ब्लॉकमध्ये राहणारे. चारुदत्तच्या मुलीला, इराला ताप आला की गाडी अनीशचीच यायची. सोमवारची बातमीही त्यानेच सांगितली होती, डोळ्यांत पाणी आणून. "मलाही आज सकाळीच कळलं रे, चारू," असं म्हणाला होता. चारुदत्तनेच उलट त्याची समजूत काढली.

त्या एका वाक्यावर चारुदत्तने आठवडा रेटला होता. नोकरीबरोबर इथे राहायचा पास रद्द झाला की महिनाभरात देश सोडायचा, गाशा गुंडाळायचा, इराची शाळा अर्ध्यावर, बायको अनुया घरात कुणाशी धड बोलत नव्हती. पण निदान आपल्या माणसाने आपल्याला फसवलं नाही, एवढा आधार त्याला पुरत होता.

ट्रे आले. टेबलाच्या मधोमध ब्राऊन पेपरवर बीफचा अख्खा ब्रिस्केट, म्हणजे छातीचा भलामोठा तुकडा, सोबत कापलेला कांदा, काकडीचं लोणचं, पांढरा ब्रेड. आणि चारुदत्तपुढे एक वेगळा छोटा ट्रे, त्यात चिकन. ट्रे घेऊन खुद्द मॅनेजरबाई आली होती, काळा एप्रन लावलेली, पन्नाशीची, तोंडाची भलती मोकळी.

"यू द नो-बीफ मॅन, आ?"

चारुदत्तने मान डोलावली. मग बाई सुरूच झाली. अख्खा ब्रिस्केट इथे आधी सांगितल्याशिवाय मिळत नाही. तुझ्या मित्राने तो सांगितलाच, पण ज्याचा फेअरवेल आहे तो बीफ खात नाही, त्याचं चिकन वेगळं भाजा, सुरीसुद्धा वेगळी घ्या, असं पुन्हा पुन्हा बजावलं. असा मित्र नशिबाने मिळतो, ला!

 एवढ्या गडबडीत या माणसाला आपलं खाणं आठवलं! "कधी सांगितलं त्याने?" चारुदत्तने विचारलं.

"लाँग टाइम ऑलरेडी! वी नॉट ओपन येट. आय कॉल हिम बॅक टू कन्फर्म, वाह, सो नॉइझी! बेल्स, क्लॅपिंग..." बाईने हवेत घंटा वाजवून दाखवली. "आय आस्क हिम, यू इन टेंपल, आ?"

बाई हसत पुढच्या टेबलाकडे गेली. चारुदत्त हसला नाही. अनीश देवळात कधी जात नसे. तो घंटेच्या आवाजात उभा होता तो चारुदत्तच्या घरी, महिन्याभरापूर्वी गणपतीला. ऐन आरतीत त्याचा फोन वाजला होता आणि तो खुणेनेच माफी मागून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला होता. परत येऊन त्याने आरती घेतली, अनुयाने वाढलेले मोदक तूप ओतून खाल्ले. तेव्हाच चारुदत्तने त्याला कोपऱ्यात नेऊन विचारलं होतं, दुसऱ्या बँकेची ऑफर आलीय, काय करू? तोंडात मोदक असतानाच अनीश म्हणाला होता, "कशाला जातोस? इथे तुझं बस्तान बसलंय. मी आहे ना!" चारुदत्तने त्याच रात्री ऑफर नाकारली होती.

अनीश समोरच बसला होता. बाईचं बोलणं त्याने ऐकलं होतं. हातातली सुरी त्याने खाली ठेवली.

"सांगायची परवानगी नव्हती रे," तो मराठीत म्हणाला. टेबलावर बाकी कुणाला मराठी येत नव्हतं. सगळे त्या दोघांकडे कौतुकाने बघत होते.

"आणि ऑफर नाकार असं सांगायची होती?"

अनीश पाणी प्यायला. "तू मध्येच गेला असतास तर प्रोजेक्ट बोंबलला असता. मग माझीही गेली असती. माझी दोन मुलं आहेत, चारू."

"मला एक आहे," चारुदत्त म्हणाला.

त्याला वाटलं, समोरचा ट्रे उचलावा आणि ह्याच्या इस्त्रीच्या शर्टावर उपडा करावा. इतका राग त्याला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि मुख्य म्हणजे अशा माणसाचा, ज्याने आपल्यासाठी सुरीसुद्धा वेगळी मागितली. साफ नालायक असता तर बरं झालं असतं.

"मंगळवारी तुझा इंटरव्ह्यू आहे, ते लोक चौकशीला मला फोन करतीलच," अनीश खालमानेने म्हणाला. "तुझ्याबद्दल चांगलंच सांगणार आहे मी. ती काळजी सोड."

ही धमकी असती तरी चाललं असतं. पण तो अगदी मनापासून बोलत होता. आणि त्या एका फोनवर इराची शाळा टिकणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"चारू, हाऊज द चिकन?" टेबलाच्या टोकावरून कुणीतरी विचारलं.

चारुदत्तने तुकडा तोडून तोंडात घातला. चिकन खरंच उत्तम झालं होतं, याचाही त्याला संताप आला. "व्हेरी गुड," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "थँक यू, अनीश."

टाळ्या झाल्या. अनीशने डोळे पुसले आणि टेबलावरून वाकून, घरी पंगतीत वाढावा तसा, आणखी एक तुकडा त्याच्या ट्रेमध्ये वाढला.

चारुदत्तने नको म्हटलं नाही.