टोरीचं तेल

लीलाधरने बैलाच्या कानामागची टपोरी गोचीड उपटली, अंगठ्यांच्या नखांत चिरडली आणि बोटं दुपट्ट्याला पुसली. मग टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाची वाटी घेऊन तो बायकोच्या पायांशी येऊन बसला. धानाच्या रोवणीचा चिखल शामकलेच्या बोटांमधलं कातडं दरसाल खायचा आणि दरसाल हा गडी तिथे तेल जिरवत बसायचा. दवनीवाड्यातल्या बायका हसायच्या. शामकलेला ते हसणं फार आवडायचं.

रोवणी संपता संपता तिला ताप भरला. उतरेना. अंगावर लाल पुरळ उठलं तसा लीलाधरचा धीर सुटला आणि त्याने तिला गोंदियाच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाई भलत्याच चौकस होत्या. त्यांनी लीलाधरला गोळ्या आणायला पिटाळलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"गोचीड चावली होती का?"

"मले? नाही जी. मी बैलाजवळ जातच नाही. घरवालेच करतात सारं."

बाईंनी केसांत, काखेत, पाठीवर पाहिलं. चावल्याची खूण कुठेच नव्हती.

"मग हा आजार शिरला कुठून?" त्या पुटपुटल्या. शामकलेलाही तेच कोडं पडलं होतं.

"घरवाले गोचिडी मारतात कशा?"

"नखानं."

"त्यांचं रक्त हाताला लागतं. तो हात कुणाच्या जखमेला लागला तरी पुरे. तुम्हाला जखम आहे कुठे?"

शामकलेने पाय हळूच लुगड्यात ओढून घेतले. हे कळलं तर लीलाधर पुन्हा पायाला हात लावणार नाही, याचीच तिला तापापेक्षा जास्त भीती वाटली.

"नाही जी."

"असो. औषध तेच आहे. वेळेवर आलात."

तिने मान वळवली. लीलाधर गोळ्यांची पुडी घेऊन दारात उभा होता. कधीचा, कोण जाणे.

गोळ्यांनी ताप उतरला. त्या संध्याकाळी शामकला ओट्यावर पाय पसरून बसली. गोठ्यात लीलाधर काटा काढायच्या चिमट्याने गोचिडी ओढून फिनाईलच्या डब्यात टाकत होता. मग त्याने कितीतरी वेळ हात धुतले. तेलाची वाटी आणली ती तिच्यापासून लांबच ठेवली.

"तूच लाव."

"काऊन?"

"माह्या हातानं नको."

शामकलेने त्याचा हात ओढला, नाकाशी नेऊन हुंगला.

"साबणाचा वास येऊन राहिला," ती म्हणाली आणि पाय त्याच्या मांडीवर ठेवून दिला.