खाजाभाईंच्या मिठाच्या पुड्या

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. लातूरच्या एका लॅबमध्ये, पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी मी पडून असते. माझी कडी मोडली आहे आणि पोटात मिठाच्या पुड्या साठल्या आहेत. त्या कशा आल्या, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म लशी गार ठेवण्यासाठी झाला. भूकंपाच्या साली मी अगदी कोरी होते. किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये धनुर्वाताची इंजेक्शनं मी नेली. सिस्टर सारखं झाकण उघडून बर्फ चाचपायच्या आणि म्हणायच्या, "बर्फ हाय ना, मग काळजी न्हाई." जखमी माणसं निमूटपणे दंड पुढे करायची. तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की बर्फ म्हणजे जीव. फार शहाणी समजत होते हो मी स्वतःला.

पुढे कुणीतरी मला या लॅबला देऊन टाकलं. तोवर लातुरात घरोघरी 'मुलींसाठी खोली' अशा पाट्या लागल्या होत्या. तशाच एका खोलीत सुमय्या राहायची. तिचे अब्बा, खाजाभाई, अहमदपूरच्या स्टँडवर कुल्फीचा गाडा लावायचे. लेकीला डॉक्टर करायचं म्हणून त्यांनी तिला इथल्या क्लासला घातलं होतं. ऐन परीक्षेच्या वर्षी तिच्या मानेत गाठी आल्या. लिम्फोमा निघाला, म्हणजे गाठींचा कॅन्सर.

आजार हाडांच्या आत पोचला आहे का, पेशींच्या गुणसूत्रांत काय बिघडलं आहे, हे कळल्यावरच डॉक्टर औषध ठरवणार होते. म्हणून तिच्या कमरेच्या हाडात जाड सुई घालून बोनमॅरो काढला. पोरीने ओठ चावून सोसलं. ती तपासणी हैदराबादला व्हायची. तिथे पेशी वाढवून पाहतात, म्हणून त्या जिवंत पोचाव्या लागतात.

लॅबमधल्या केवळाबाईंनी नळी फडक्यात गुंडाळून थोड्या बर्फासोबत माझ्यात ठेवली आणि खाजाभाईंना बजावलं, "गार ठेवायचं, गोठवायचं न्हाई. हे फडकं सोडू नका बरं का."

"हाव, हाव," खाजाभाई म्हणाले. मला मांडीवर घेऊन ते सकाळच्या बसमध्ये बसले.

एप्रिलचा महिना होता. बसचा पत्रा तापला तसा त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. उदगीरच्या स्टँडवर त्यांनी झाकण उघडून आत हात घातला. "एवढ्याशा गारव्यानं काय होतंय? नासून जाईल ना माझ्या पोरीचं," असं स्वतःशीच बोलत ते उतरले आणि बर्फ घेऊन आले. तीस वर्षं कुल्फी जमवलेला माणूस तो. त्यांनी फडकं सोडलं, नळीभोवती बर्फाचा चुरा दाबून भरला आणि गाड्यासाठी पिशवीत असलेल्या पुडीतलं खडेमीठ वरून पेरलं. मीठ पडलं की बर्फ कसा कडक गारठा धरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? नळीतलं सगळं दगडासारखं गोठलं. आणि मित्रांनो, मला आनंद झाला होता. मला वाटलं, किल्लारीसारखी कामगिरी पुन्हा आली.

आठवड्यानंतर हैदराबादहून कागद आला. नमुना गोठला, पेशी मेल्या, पुन्हा पाठवा. तेव्हा सुमय्या एकटीच लॅबमध्ये होती. तिने कागद दोनदा वाचला. मग माझ्याजवळ येऊन तिने माझ्या कोपऱ्यात बोट फिरवून जिभेला लावलं. मीठ तसंच होतं.

"मावशी," ती केवळाबाईंना म्हणाली, "अब्बाला सांगू नका. नमुना कमी पडला म्हणा."

"अगं, पुन्हा सुई घ्यावी लागंल तुला."

"घेईन ना. पण त्यांना कळलं तर ते पुन्हा गाडा लावायचे न्हाईत. जेवायचेबी न्हाईत."

तिने पुन्हा सुई घेतली. खाजाभाई पेटी न्यायला उठले, तर तिने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "अब्बा, तुम्ही माझ्याजवळ थांबा." मला घेऊन केवळाबाई स्वतः हैदराबादला गेल्या. या वेळी पेशी वाढल्या, रिपोर्ट आला, औषध सुरू झालं. तरी दिवाळीनंतर सुमय्या गेली. आजारच फार जोराचा होता, त्या काही दिवसांनी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी ते रोज स्वतःला सांगते, आणि रोज पटतंच असं नाही.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर खाजाभाई लॅबमध्ये आले. गोणपाटात बर्फाची लादी होती आणि हातात मिठाची पुडी. "बाई, सुमय्याच्या नावानं आणलंय. दुसऱ्यांच्या लेकरांचे नमुने नीट जावेत. मीठ टाकायला विसरू नका, लई टिकतंय."

केवळाबाईंनी दोन्ही हातांनी ते घेतलं. ते गेल्यावर बर्फ धुऊन माठात टाकला आणि पुडी माझ्या पोटात ठेवली. तेव्हापासून उन्हाळ्यात दर गुरुवारी ते येतात. तपासणीला आलेली माणसं ते गार पाणी पितात आणि बरं वाटलं म्हणतात. मी मात्र पुड्या मोजणं केव्हाच सोडून दिलं आहे.

मित्रांनो, आजारी माणसासाठी काही करायचं झालं तर आधी विचारा आणि सांगितलेलं नीट ऐका. नुसत्या मायेला सगळं कळत नाही, हे मी फार उशिरा शिकले. आणि कधी अहमदपूरच्या स्टँडवर गेलात, एका म्हाताऱ्याच्या गाड्यावर कुल्फी खाल्लीत, तर छान झाली एवढंच म्हणा. माझी ओळख सांगू नका.