एका आवाजासाठी फुटलेली जोडी

२०२३ साली लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका घरात माझ्या जुळ्या भावाचा जीव गेला.

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. हरिदासआजोबांनी आम्हा जोडीला ईलिंगच्या हॉलमधल्या भीमजयंतीसाठी आणलं होतं. आमच्यातून भाषणं घुमली, आणि आजोबांच्या पत्नी द्रौपदीबाई स्वतः रचलेली गाणी गायल्या. आजोबा वारले आणि आम्ही लॉफ्टमध्ये धूळ खात पडलो. पुढे द्रौपदीबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. मागे राहिली नुसती कुजबुज, आणि मोबाईलवर टिपलेलं एकच गाणं.

त्या गाण्याचा डान्स ट्रॅक करून जयंतीला वाजवायचा, असं नातू समरने ठरवलं. त्याने आम्हाला खाली आणून पुसलं. किती बरं वाटलं! पण तो नवशिका होता. जे ऐकू येत नाही ते वाढवायचं, एवढंच त्याला ठाऊक. ड्रमचा ठोका आणि बेस एकाच खर्जात एकमेकांवर आदळत, आणि प्रत्येक दणक्याला माझा कागदी पडदा फाटू पाहत असे.

"दादा, आजीचा आवाज कुठे गेली?" त्याची धाकटी बहीण तनू तिच्या मोडक्या मराठीत ओरडली.

"ड्रॉप आहे तो! ठोका एकदम कोसळतो ना, ती जागा. डोक्यात बसला पाहिजे."

"माझा डोका फुटला, थँक यू!" म्हणून तिने वायर उपटली. समरने तिला ढकललं. तिने त्याला ढकललं. तो टेबलावर आदळला आणि भाऊ खाली कोसळला. चिडलेल्या समरने त्याला लाथ घातली. पडदा फाटला, खोका दुभंगला. मग त्याची मूठ माझ्या जाळीवर बसली. तारेने बोटं सोलली, रक्त माझ्या अंगावरून ओघळलं.

आजी जिना चढून आल्या. टिश्यूने त्याची मूठ दाबत कुजबुजल्या, "माझ्या गळ्यावर पाय का देतोस रे, बाळा?"

समर रडला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच उरलो होतो, तोही जखमी. म्हणून तनूने आवाज इतका कमी ठेवला, की खालची किटली ऐकू येत होती. तेव्हा समरला कळलं, की आजी गाण्यात कुठेच नव्हत्या. त्याने वाढवणं थांबवलं आणि काढायला सुरुवात केली. ठोका आणि बेस सोडून बाकी सगळ्यांतला खर्ज कापला. ठोका पडला की बेसने क्षणभर दबायचं, असं लावून दिलं. आजींच्या सुरांवर बसलेला सिंथेसायझरचा सूर पुसून टाकला. ड्रॉपच्या आधी सगळंच थांबवलं.

त्या शांततेत द्रौपदीबाईंचा जुना, खणखणीत आवाज माझ्यातून निघाला. दारात उभ्या आजींनी चौकट धरली.

जयंतीला तो आवाज एकटा उठला, मग ठोका पडला, आणि अख्खा हॉल उभा राहिला.

भाऊ कौन्सिलच्या रिसायकलिंगला गेला. तनू आता लीड्सला शिकते. समर इतरांचे ट्रॅक मिक्स करतो, आणि शेवटी प्रत्येक ट्रॅक माझ्यावर हळू आवाजात ऐकतो. द्रौपदीबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्यांना निरोप देताना तेच गाणं लावलं होतं.

माझ्या जाळीवरचा डाग कुणी पुसलेला नाही. मित्रांनो, आम्हाला लाथा मारू नका. आवाज वाढवण्याआधी, त्याखाली कोण दबलंय तेवढं ऐका.